चीनमधील तंत्रज्ञान कंपन्यांचे संस्थापक

चीनमधील तंत्रज्ञान कंपन्यांचे संस्थापक या शीर्षकाखाली साधारणतः १९८० नंतर चीनच्या मुख्य भूमीवर संगणक, दूरसंचार, इंटरनेट व तत्संबंधित क्षेत्रांत उद्योग उभारणाऱ्या व्यक्तींचा समावेश होतो. लेनोव्होचे लिऊ च्वानझी, हुआवेचे रेन झेंगफेई, टेन्सेंटचे मा हुआतेंग, अलिबाबाचे जॅक मा, बायडूचे रॉबिन ली, मेइत्वानचे वांग शिंग आणि बाइटडान्सचे झांग यिमिंग ही त्यांतील ठळक नावे होत.

या उद्योजकांची चरित्रे बहुधा दारिद्र्यातून वैभवाकडे झालेल्या प्रवासाच्या साच्यात सांगितली जातात. हा साचा सर्वस्वी खोटा नसला, तरी अपुरा आहे. कंपनी स्थापन करणारा, तिची मालकी असणारा आणि ती चालवणारा या तीन भूमिका इतर देशांत पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे असतात. चीनमध्ये त्या तशा एकत्र क्वचितच राहिल्या. आपण उभारलेली कंपनी नेमकी कोणाची, हा प्रश्न येथील जवळजवळ प्रत्येक संस्थापकासमोर कधी ना कधी उभा राहिला. त्याचे उत्तर ज्याने जसे दिले, तसे त्याच्या कारकिर्दीला वळण लागले.

पार्श्वभूमी

चीनमधील खाजगी उद्योग १९५०च्या दशकात राज्याच्या ताब्यात गेले. शहरी नागरिकाला नोकरी, निवास, औषधोपचार आणि मुलांचे शिक्षण हे सर्व त्याच्या कार्यसंस्थेकडून मिळे. या शाश्वतीला चिनी भाषेत 'लोखंडी भातवाडगा' म्हणतात, कारण तो पडला तरी फुटत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ पासून, विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा बंद होत्या. त्या १९७७च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्या. डिसेंबर १९७८ मध्ये आर्थिक सुधारणांचा मार्ग स्वीकारला गेला आणि १९८० मध्ये शेंझेन येथे विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झाले.

सुधारणांच्या आरंभी फक्त किरकोळ व्यावसायिकांना मुभा होती आणि त्यांनी सातपेक्षा अधिक नोकर ठेवू नयेत असा दंडक होता. खाजगी अर्थव्यवस्थेला राज्यघटनेत मान्यता मिळाली ती १९८८च्या घटनादुरुस्तीने. म्हणजे लेनोव्हो आणि हुआवे या दोन्ही कंपन्या स्थापन झाल्या तेव्हा 'खाजगी कंपनी' या प्रकाराला देशाच्या घटनेत स्थानच नव्हते. अशा परिस्थितीत पुष्कळ उद्योजक आपला व्यवसाय गावाच्या, नगराच्या किंवा एखाद्या सरकारी संस्थेच्या नावाने सामूहिक उद्योग म्हणून नोंदवीत. याला 'लाल टोपी घालणे' असे म्हटले जाई. टोपीमुळे संरक्षण मिळे. परंतु पुढे उद्योग वाढला की टोपी कोणाची आणि डोके कोणाचे, असा वाद उपस्थित होई. सरकारी नोकरी सोडून व्यवसायात उतरण्यास 'समुद्रात उडी घेणे' हा वाक्प्रचार रूढ झाला तोही याच काळात.

बीजिंगमधील झोंगग्वानछुन या भागात चिनी विज्ञान अकादमीच्या अनेक संस्था आहेत. अकादमीतील भौतिकशास्त्रज्ञ चेन चुनश्यान यांनी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली पाहून आल्यावर ऑक्टोबर १९८० मध्ये तेथे एक लहानसे तंत्रज्ञान-सेवा केंद्र काढले. शास्त्रज्ञांनी सल्ल्याचे पैसे घ्यावेत ही कल्पनाच त्या वेळी अनेकांना आक्षेपार्ह वाटली आणि चेन यांच्यावर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप झाले. १९८३च्या आरंभी वरिष्ठ नेतृत्वाने त्यांची बाजू उचलून धरली, त्यानंतरच इतरांना धीर आला. पुढे हाच भाग 'चीनची सिलिकॉन व्हॅली' म्हणून प्रसिद्धीस आला. चेन स्वतः मात्र मोठे उद्योगपती झाले नाहीत.

याच परिसरात १९८४ मध्ये वान रुन्नान यांनी स्थापन केलेली स्टोन ही कंपनी १९८०च्या दशकातील सर्वांत यशस्वी संगणक-उद्योगांपैकी एक होती. चिनी व इंग्रजी मजकूर छापणारे तिचे विद्युत टंकलेखन यंत्र सरकारी कचेऱ्यांत सर्वत्र दिसे. १९८९च्या विद्यार्थी-आंदोलनाला वान यांनी पाठिंबा दिला. आंदोलन मोडून काढले गेल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि ते फ्रान्समध्ये निर्वासित म्हणून राहिले. कंपनी त्यांच्यावाचून चालू राहिली. चीनमधील संस्थापकांच्या यशोगाथांत वान यांचे नाव सहसा आढळत नाही, तथापि नंतरच्या पिढ्यांच्या मौनाचा अर्थ लावताना त्यांचे उदाहरण विसरून चालत नाही.

लिऊ च्वानझी आणि लेनोव्हो

लिऊ च्वानझी यांचा जन्म १९४४ मध्ये च्यांगसू प्रांतात झाला. शियान येथील लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. सांस्कृतिक क्रांतीत इतर सुशिक्षितांप्रमाणे त्यांनाही शेतावर श्रमासाठी पाठवण्यात आले. १९७० पासून ते अकादमीच्या संगणक संस्थेत काम करू लागले. संशोधन होई, अहवाल लिहिले जात आणि ते कपाटात जात. या निष्फळतेचा आपल्याला उबग आला होता, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

नोव्हेंबर १९८४ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांनी दहा सहकाऱ्यांसह कंपनी सुरू केली. भांडवल २,००,००० युआन होते आणि ते संगणक संस्थेने दिले होते. कार्यालय म्हणून संस्थेच्या आवारातील पहारेकऱ्याची खोली मिळाली. आरंभीच दूरचित्रवाणी संच खरेदी-विक्रीच्या एका फसव्या व्यवहारात भांडवलाचा मोठा भाग, सुमारे १,४०,००० युआन, बुडाला. कंपनीला तारले ते नी ग्वांगनान या संगणकतज्ज्ञाने विकसित केलेल्या चिनी अक्षरांच्या कार्डाने. परदेशी संगणकांवर हजारो चिनी अक्षरे टंकित करणे हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. एक अक्षर दिले की त्याच्यामागे येऊ शकणारी अक्षरे हे कार्ड सुचवीत असे. या साहचर्याला चिनी भाषेत 'ल्येनश्यांग' म्हणतात. तेच कंपनीचे चिनी नाव झाले आणि आजही आहे. लेनोव्हो हे नाव परदेशी बाजारपेठेसाठी २००३ मध्ये घेतले गेले.

लिऊ आणि नी यांच्यात १९९४ च्या सुमारास तीव्र मतभेद झाले. स्वतःच्या चिप तयार करण्याकडे कंपनीने वळावे, असे नी यांचे मत होते. आधी व्यापार, मग उत्पादन आणि त्यानंतर तंत्रज्ञान हा क्रम लिऊ यांना योग्य वाटे. १९९५ मध्ये नी यांना मुख्य अभियंतापदावरून दूर करण्यात आले. व्यवसायाच्या हिशेबाने लिऊ बरोबर ठरले असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेने झेडटीई या चिनी दूरसंचार कंपनीला सुटे भाग देण्यास बंदी घातल्यावर मात्र चीनमध्ये हा जुना वाद नव्याने उकरला गेला आणि नी यांच्याविषयीची सहानुभूती वाढली. दोघांपैकी एकाला नायक व दुसऱ्याला खलनायक ठरवणारे लेखन विपुल आहे. त्या काळी कंपनीकडे चिपनिर्मितीला पुरेसे भांडवल नव्हते, ही साधी गोष्ट अशा लेखनात बाजूला राहते.

मालकीच्या बाबतीत लिऊ यांनी घाई केली नाही. कंपनी पूर्णतः अकादमीची होती. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी मालकी न मागता केवळ नफ्याच्या ३५ टक्के वाट्याचा हक्क कर्मचाऱ्यांसाठी मिळवला. पुढे धोरण अनुकूल झाल्यावर या हक्काचे समभागांत रूपांतर झाले. म्हणजे संस्थापकाला आपल्या कंपनीत हिस्सा मिळण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. डिसेंबर २००४ मध्ये लेनोव्होने आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय घेण्याचा करार जाहीर केला आणि तो २००५ मध्ये पूर्ण झाला. २००९ मध्ये कंपनी तोट्यात असताना लिऊ अध्यक्षपदी परतले व २०११ मध्ये त्यांनी ते पद यांग युआनछिंग यांच्याकडे सोपवले. सरकारी मालमत्ता स्वस्तात कर्मचाऱ्यांकडे गेली, असा आरोप २०२१ मध्ये एका भाष्यकाराने केला, तेव्हा या इतिहासावर पुन्हा जाहीर चर्चा झाली. लाल टोपीचा हिशेब अशा रीतीने निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही.

रेन झेंगफेई आणि हुआवे

रेन झेंगफेई यांचा जन्म १९४४ मध्ये ग्वेइझोउ या डोंगराळ आणि गरीब प्रांतात झाला. आईवडील दोघेही शिक्षक होते व घरात सात भावंडे होती. १९५९ ते १९६१ या दुष्काळाच्या वर्षांत आई घरातील अन्न मोजून सर्वांना सारखे वाटून देई, म्हणूनच सर्व मुले जगली, असे रेन यांनी आईवडिलांविषयीच्या आपल्या लेखात नमूद केले आहे. सांस्कृतिक क्रांतीत वडिलांचा छळ झाला. तशा परिस्थितीतही अभ्यास सोडू नकोस, असे त्यांनी मुलाला बजावले होते. चोंगछिंग येथे रेन यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९७४ मध्ये ते सैन्याच्या अभियांत्रिकी दलात दाखल झाले आणि ल्याओयांग येथे फ्रेंच यंत्रसामग्रीच्या साहाय्याने उभारल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कारखान्यावर त्यांनी काम केले.

हे दल १९८३ मध्ये विसर्जित झाल्यावर ते शेंझेनला एका सरकारी कंपनीत रुजू झाले. तेथे एका व्यवहारात फसवणूक होऊन मोठी रक्कम बुडाली आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. शेंझेन नगरपालिकेने १९८७ मध्ये काढलेल्या एका आदेशानुसार तंत्रज्ञांना स्वतःचे उद्योग नोंदवता येऊ लागले होते. त्यासाठी किमान पाच भागीदार व २०,००० युआन भांडवल आवश्यक होते. रेन यांनी पाच जणांना सोबत घेऊन २१,००० युआनवर त्याच वर्षी हुआवेची स्थापना केली. त्यांचे वय तेव्हा ४२ होते. दूरसंचाराचा अनुभव त्यांना नव्हता. हाँगकाँगहून टेलिफोन एक्स्चेंज आणून विकणे हा आरंभीचा धंदा. पुढे कंपनीने स्वतःचे एक्स्चेंज बनवण्यास सुरुवात केली आणि परदेशी कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या लहान शहरांत व ग्रामीण भागांत ते विकले. १९९३ मधील सी अँड सी ०८ या डिजिटल एक्स्चेंजने कंपनीला स्थैर्य मिळवून दिले.

हुआवेची मालकीरचना असाधारण आहे. कंपनी कोणत्याही शेअर बाजारात नोंदलेली नाही. तिचे सुमारे ९९ टक्के भांडवल कर्मचारी संघटनेच्या समितीच्या नावे आहे आणि कर्मचाऱ्यांना 'आभासी समभाग' मिळतात. त्यांवर लाभांश मिळतो, पण कंपनी सोडताना ते सामान्यतः परत करावे लागतात. रेन यांचा स्वतःचा हिस्सा एक टक्क्याच्या आसपास आहे, तथापि महत्त्वाच्या निर्णयांवर त्यांना नकाराधिकार आहे. सुरुवातीला ही योजना रोख पगार देण्यास पैसे अपुरे पडत म्हणून पुढे आली. नंतर तीच कंपनीच्या बळाचे कारण मानली गेली. अशा समभागांना मालकी म्हणावे काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

सैन्यातील पूर्वेतिहासामुळे रेन यांच्याकडे पाश्चात्त्य देशांत संशयाने पाहिले गेले. आपली कंपनी कोणत्याही सरकारसाठी हेरगिरी करत नाही, असे त्यांनी वारंवार सांगितले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांची कन्या व कंपनीच्या वित्तप्रमुख मेंग वानझोउ यांना अमेरिकेच्या विनंतीवरून कॅनडातील व्हँकूव्हर येथे अटक झाली. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेला निर्बंधांच्या सूचीत टाकले. पूर्वी प्रसारमाध्यमांपासून दूर राहणारे रेन कन्येच्या अटकेनंतर परदेशी पत्रकारांना मुलाखती देऊ लागले. मेंग यांची सप्टेंबर २०२१ मध्ये सुटका झाली.

इंटरनेटची पिढी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या संस्थापकांनी भूक पाहिली नव्हती, मात्र प्रवेशपरीक्षेची स्पर्धा पाहिली होती. रॉबिन ली (जन्म १९६८) पेकिंग विद्यापीठानंतर अमेरिकेत शिकले, तेथे त्यांनी संकेतस्थळांची क्रमवारी लावण्याची एक पद्धत विकसित केली आणि २००० मध्ये बीजिंगला परतून एरिक शू यांच्यासह बायडूची स्थापना केली. मा हुआतेंग (जन्म १९७१) परदेशी गेले नाहीत. शेंझेन विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी एका पेजर कंपनीत नोकरी केली आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये चार मित्रांसह टेन्सेंट सुरू केली. त्यांची संदेशसेवा इतक्या वेगाने वाढली की सर्व्हरचा खर्च पेलेना आणि ती विकून टाकण्याचाही प्रयत्न झाला. योग्य किंमत देणारा ग्राहक मिळाला नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्स समूहाने कंपनीत मोठा हिस्सा घेतला. हा इतिहासातील सर्वाधिक फायद्याच्या गुंतवणुकींपैकी एक व्यवहार गणला जातो.

येथे मालकीचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. चीनमधील बँका अशा तरुणांना कर्ज देत नसत. पैसा परदेशात होता आणि इंटरनेट सेवांत परदेशी मालकीला कायद्याने मज्जाव होता. यावर 'व्हीआयई' नावाची रचना शोधली गेली. परवाने असलेली चिनी कंपनी संस्थापकाच्या किंवा त्याच्या विश्वासू व्यक्तींच्या नावावर राहते, केमन बेटांसारख्या ठिकाणी दुसरी कंपनी नोंदवली जाते आणि दोहोंमधील करारांद्वारे पहिलीचा नफा व नियंत्रण दुसरीकडे जाते. न्यू यॉर्कमधील गुंतवणूकदार जो समभाग विकत घेतो तो या दुसऱ्या कंपनीचा असतो. सिना या कंपनीने २००० मध्ये याच मार्गाने अमेरिकेच्या बाजारात प्रवेश केला आणि बहुतेक सर्वांनी तो गिरवला. चिनी सरकारने ही रचना बराच काळ स्पष्टपणे मान्यही केली नाही आणि मोडूनही काढली नाही. एवढ्या प्रचंड संपत्तीचा पाया कागदी करारांवर उभा राहिला, हे लक्षात घेतल्यावाचून पुढील घटनांचा उलगडा होत नाही.

जॅक मा

मा युन ऊर्फ जॅक मा यांचा जन्म १९६४ मध्ये झेज्यांग प्रांतातील हांगचौ येथे झाला. आईवडील गायनयुक्त कथाकथनाच्या पारंपरिक कलेशी संबंधित होते. शालेय वयात मा रोज सायकलने पश्चिम सरोवराजवळच्या हॉटेलापाशी जात आणि इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून परदेशी पाहुण्यांना फुकट शहर दाखवीत. हा क्रम अनेक वर्षे चालला. १९८० मध्ये ओळख झालेल्या एका ऑस्ट्रेलियन कुटुंबाने १९८५ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियास बोलावले. त्या प्रवासाने आपल्या देशाविषयी शिकवलेल्या अनेक गोष्टींचा फेरविचार करायला लावला, असे ते सांगतात.

गणित कच्चे असल्याने प्रवेशपरीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले. तिसऱ्या प्रयत्नात हांगचौच्या शिक्षक महाविद्यालयात प्रवेश मिळाला व १९८८ मध्ये इंग्रजीची पदवी मिळाली. त्यानंतर त्यांनी स्थानिक अभियांत्रिकी संस्थेत इंग्रजी शिकवले. संगणकाचे तांत्रिक ज्ञान त्यांना नव्हते आणि ते त्यांनी कधी लपवलेही नाही. १९९४ मध्ये त्यांनी भाषांतर संस्था काढली. १९९५ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे त्यांनी प्रथम इंटरनेट पाहिले. परतल्यावर सुरू केलेली 'चायना पेजेस' ही व्यवसायसूची हांगचौच्या सरकारी दूरसंचार कंपनीबरोबर संयुक्त उद्योगात विलीन झाली, मा अल्पमतात गेले आणि अखेर त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. त्यानंतर काही काळ त्यांनी बीजिंगला परदेश व्यापार मंत्रालयाच्या अखत्यारीतील एका केंद्रात काम केले.

१९९९ मध्ये हांगचौतील आपल्या सदनिकेत त्यांनी सतरा सहकाऱ्यांना एकत्र केले. सर्वांनी मिळून ५,००,००० युआन जमवले आणि अलिबाबा सुरू झाली. या अठरा संस्थापकांत सहा स्त्रिया होत्या. हाँगकाँगमधील गुंतवणूक संस्थेची नोकरी सोडून आलेले जोसेफ त्साई यांनी कंपनीला कायदेशीर व आर्थिक चौकट दिली. प्रसिद्धी मा यांच्या वक्तृत्वाला मिळाली, पण परदेशी भांडवल येण्यात त्साई यांचा वाटा निर्णायक होता. १९९९ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या पुढाकाराने ५० लाख डॉलर आणि २००० मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने २ कोटी डॉलर कंपनीला मिळाले.

मे २००३ मध्ये, सार्सच्या साथीमुळे कर्मचारी घरी विलग असताना, 'तावबाव' हे ग्राहकांसाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे कसे द्यायचे, ही खरी अडचण होती. यावर 'अलिपे' ही सेवा निघाली. ग्राहकाचे पैसे ती स्वतःकडे ठेवी आणि माल मिळाल्याचे ग्राहकाने कळवल्यावरच विक्रेत्याला देई. विक्रेत्यांकडून शुल्क न घेण्याच्या धोरणासह या सोयीमुळे ईबेला चीनमधून २००६ मध्ये माघार घ्यावी लागली.

अलिपेची मालकी मात्र मोठ्या वादाचे कारण झाली. ती अलिबाबा समूहातून काढून मा यांच्या नियंत्रणाखालील चिनी कंपनीकडे हस्तांतरित करण्यात आली आणि हे प्रकरण मे २०११ मध्ये उजेडात आले. परदेशी मालकी असलेल्या कंपनीला देयक सेवेचा परवाना मिळणार नाही, म्हणून हे करावे लागले, असे मा यांचे म्हणणे होते. आपल्याला वेळीच कळवले गेले नाही, असे मोठा भागधारक असलेल्या याहूचे म्हणणे होते. जुलै २०११ मध्ये तडजोड झाली. करारांवर उभी असलेली मालकी किती सहज सरकू शकते, हे या घटनेने जगाला दाखवले. मा यांचे चाहते या प्रकरणावरून घाईने पुढे जातात, पण पुढील सर्व घडामोडींचे मूळ येथेच आहे, कारण याच अलिपेतून पुढे अँट हा वित्तसमूह निर्माण झाला.

सप्टेंबर २०१४ मध्ये अलिबाबाने न्यू यॉर्क शेअर बाजारात २,५०० कोटी डॉलर उभारले. तोपर्यंतची ती जगातील सर्वांत मोठी प्राथमिक समभाग विक्री होती. मा यांचा हिस्सा नऊ टक्क्यांहून कमी होता. परंतु संचालक मंडळाचे बहुमत सुचवण्याचा अधिकार कंपनीतील भागीदारांच्या गटाकडे राखलेला असल्याने नियंत्रण हातातून गेले नाही. १० सप्टेंबर २०१९ रोजी, आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी, त्यांनी अध्यक्षपद सोडले. हा दिवस चीनमध्ये शिक्षक दिन असतो.

२४ ऑक्टोबर २०२० रोजी शांघायमधील वित्तीय परिषदेत मा यांनी चिनी बँकांची वृत्ती तारण ठेवून घेणाऱ्या सावकारी पेढीसारखी असल्याची टीका केली आणि आंतरराष्ट्रीय बँकिंग नियमांनाही कालबाह्य ठरवले. अँटचे समभाग तेव्हा काही दिवसांतच शांघाय व हाँगकाँगच्या बाजारांत येणार होते आणि सुमारे ३,४०० कोटी डॉलर उभे राहायचे होते. २ नोव्हेंबरला नियामकांनी मा यांना पाचारण केले आणि ३ नोव्हेंबरला विक्री स्थगित झाली. हे सर्व केवळ एका भाषणामुळे घडले, असे मानणे सोपे आहे. लहान कर्जांचा अँटचा व्यवसाय झपाट्याने वाढला होता आणि त्यातील बहुतांश जोखीम बँकांवर होती, ही नियामकांची चिंता निराधार नव्हती. भाषणाने त्यांच्या कारवाईची वेळ ठरवली, एवढे म्हणता येईल.

त्यानंतर मा जवळजवळ तीन महिने सार्वजनिक जीवनात दिसले नाहीत. २० जानेवारी २०२१ रोजी ते ग्रामीण शिक्षकांशी चित्रफितीद्वारे बोलताना दिसले. एप्रिल २०२१ मध्ये मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल अलिबाबाला १,८२० कोटी युआनचा दंड झाला. जानेवारी २०२३ मध्ये मा यांनी अँटवरील नियंत्रण सोडण्याचे जाहीर झाले आणि त्यांचा मताधिकार पन्नास टक्क्यांहून अधिक होता तो सुमारे सहा टक्क्यांवर आला. त्याच वर्षी ते टोकियो विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवू लागले.

पदत्यागांची मालिका

अँट प्रकरणानंतर अनेक संस्थापक ऐन उमेदीत पदावरून दूर झाले. बाइटडान्सचे झांग यिमिंग (जन्म १९८३) यांनी मे २०२१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मुख्य कार्यकारी पद सोडण्याचे जाहीर केले आणि ते महाविद्यालयातील खोलीसोबती लिआंग रूबो यांच्याकडे सोपवले. आपल्याला माणसे सांभाळण्यापेक्षा वाचन व चिंतन अधिक आवडते, असे कारण त्यांनी दिले. ते खरेही असेल. तथापि २०१८ मध्ये त्यांचे विनोदी मजकुराचे अ‍ॅप सरकारने बंद केले होते आणि त्यांना जाहीर क्षमापत्र लिहावे लागले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. २०२१ मध्येच कंपनीच्या बीजिंगमधील एका महत्त्वाच्या उपकंपनीत सरकारशी संबंधित संस्थेने एक टक्का हिस्सा घेतला. अशा हिश्शाबरोबर सहसा संचालक नेमण्याचा अधिकार येतो. पिनद्वोद्वोचे हुआंग झेंग (जन्म १९८०) यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये अध्यक्षपद सोडले, तर जेडीचे लिऊ छ्यांगदोंग यांनी २०२२ मध्ये मुख्य कार्यकारी पद सोडले.

मेइत्वान या अन्नवाटप कंपनीचे संस्थापक वांग शिंग (जन्म १९७९) पदावर राहिले, पण त्यांना मौनाचा धडा एका कवितेने दिला. मे २०२१ मध्ये त्यांनी तांग काळातील कवी झांग ज्ये यांची ग्रंथदहनाविषयीची एक कविता समाजमाध्यमावर टाकली. प्राचीन छिन सम्राटाने पुस्तके जाळली, परंतु त्याचे राज्य बुडवणारे लोक पुस्तके वाचणारे नव्हतेच, असा तिचा आशय आहे. वाचकांनी तिचा अर्थ आजच्या राज्यकर्त्यांशी जोडला, मेइत्वानचे समभाग कोसळले आणि वांग यांनी कविता काढून टाकली. खरा प्रतिस्पर्धी अनपेक्षित दिशेने येतो, एवढेच आपल्याला म्हणायचे होते, असा खुलासा त्यांनी केला. त्यांचे पूर्वीचे 'फानफोउ' हे लघुसंदेश संकेतस्थळ २००९ मध्ये बंद करण्यात आले होते, त्यामुळे हा अनुभव त्यांना सर्वस्वी नवा नव्हता.

कारखान्यातून आलेल्या संस्थापक

इंटरनेट कंपन्यांच्या झगमगाटात उत्पादनक्षेत्रातील संस्थापक झाकले जातात. झोउ छुनफेई (जन्म १९७०) यांचे बालपण हुनान प्रांतातील खेड्यात गेले. आई लहानपणीच वारली आणि वडिलांची दृष्टी अपघातात गेली होती. शाळा अर्धवट सोडून त्या शेंझेनला घड्याळाच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात कामाला लागल्या आणि १९९३ मध्ये नातेवाइकांसह त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. मोबाइल फोनच्या काचा बनवणारी त्यांची लेन्स टेक्नॉलॉजी ही कंपनी २०१५ मध्ये चिनी शेअर बाजारात नोंदली गेली. तिच्यात परदेशी करारांची गुंतागुंत नाही. कदाचित त्यामुळेच त्यांच्या कारकिर्दीवर वृत्तपत्रांनी कमी लिहिले.

भारताशी संबंध

अलिबाबा व अँट यांनी २०१५ पासून पेटीएममध्ये मोठी गुंतवणूक केली होती. ती पुढे टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली. बाइटडान्सचे टिकटॉक भारतात, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासह, अत्यंत लोकप्रिय होते. गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉकसह अलिबाबाच्या यूसी ब्राउझरचाही समावेश होता. लेई जुन (जन्म १९६९) यांची शाओमी २०१४ पासून भारतात मोबाइल विकते. परकी चलन कायद्याखाली सक्तवसुली संचालनालयाने २०२२ मध्ये तिची सुमारे ५,५५१ कोटी रुपयांची रक्कम जप्त केली.

२०२३ नंतरचा काळ

अर्थव्यवस्था मंदावल्यावर चिनी सरकारचा सूर मवाळ झाला. याच काळात लिआंग वेनफेंग (जन्म १९८५) यांचे नाव पुढे आले. झेज्यांग विद्यापीठात शिकलेल्या लिआंग यांनी गणिती पद्धतीने समभागांचे व्यवहार करणारी गुंतवणूक संस्था उभारली आणि तिच्या पैशांतून २०२३ मध्ये डीपसीक ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली. परदेशी भांडवल न घेता सुरू झालेल्या या कंपनीच्या आर१ या प्रारूपाने जानेवारी २०२५ मध्ये जगभर खळबळ उडवली.

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी बीजिंगमध्ये खाजगी उद्योजकांची बैठक घेतली. रेन झेंगफेई, मा हुआतेंग, लेई जुन, वांग शिंग आणि लिआंग वेनफेंग तिला उपस्थित होते. जॅक माही होते. अधिकृत वृत्तात बैठकीत बोललेल्या उद्योजकांची जी नावे दिली गेली, त्यांत रेन आणि लेई जुन यांचा समावेश होता, मा यांचा नव्हता. खाजगी अर्थव्यवस्थेच्या संवर्धनासाठीचा पहिला स्वतंत्र कायदा ३० एप्रिल २०२५ रोजी संमत झाला आणि २० मे २०२५ पासून तो लागू आहे.